पृष्ठभागाची मोजदाद : नीरा खोऱ्यातील चोपण मातीपासून क्रियात्मक गट जोडलेल्या सिलिकापर्यंत

प्रस्तावना

आपल्याकडील रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांमध्ये सिलिकाचे नॅनोकण हा आता नेहमीचा विषय झालेला आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरमधून निघालेली बगॅसची राख आणावी, ती कॉस्टिक सोड्यात उकळून सोडियम सिलिकेट काढावे, आम्ल घालून सिलिका खाली बसवावी आणि तिच्यावर एखादे सेंद्रिय सिलेन जोडावे, असा हा क्रम होय. शेवटी अवरक्त वर्णपट घेतला जातो, दोन-तीन शिखरांवर बाण काढले जातात आणि सिलिकाच्या पृष्ठभागावर अपेक्षित क्रियात्मक गट जोडले गेल्याचे जाहीर होते. प्रस्तुत लेखकाने स्वतः असेच केलेले आहे. त्यामुळे पुढील विवेचन इतरांकडे बोट दाखविण्यासाठी नाही.

पृष्ठभागाविषयी दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. पृष्ठभागावर काय आहे, हा पहिला. आणि ते किती आहे, हा दुसरा. वर्णपट पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहज देतो, दुसऱ्याचे सहज देत नाही. बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात हा भेद विशेष लक्षणीय ठरतो, कारण या दोन तालुक्यांच्या जमिनीत सिलिकेटच्या अतिसूक्ष्म कणांच्या पृष्ठभागाचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. तेथे वर्णपट नव्हता, पण हिशेब टाळणे परवडण्यासारखे नव्हते. सदर लेखात त्या जुन्या मोजणीचा आणि नंतरच्या सिलिका-संशोधनाचा एकत्र मागोवा घेण्याचा प्रयत्न केलेला आहे.

नीरा डावा कालवा आणि क्षारपड जमिनी

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनच्या पूर्व पट्ट्याची दैना केली. त्यानंतर भाटघरच्या धरणावर अवलंबून असलेला नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी हा त्यामागील मूळ हेतू. प्रत्यक्षात पाणी ऊस बागाईतीकडे वळले. सासवडकडून आलेल्या माळी बागाईतदारांनी कालव्याच्या काठी खंडाने जमिनी घेऊन उसाची शेती वाढविली, हा इतिहास परिचित आहे. कालव्याचे पाणी मात्र केवळ उसाला मिळत नव्हते. ते काळ्या, खोल, निचरा नसलेल्या जमिनीत मुरत होते, भूजलाची पातळी वर आणत होते आणि खालचे क्षार सोबत घेऊन येत होते. सखल भागातील शेते पांढरी पडू लागली.

१९०७ साली डॉ. हॅरॉल्ड मॅन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले. पुढे पिंपळे सौदागर व जातेगाव बुद्रुक या गावांच्या आर्थिक पाहणीमुळे त्यांचे नाव समाजशास्त्राच्या अभ्यासकांना माहीत झाले. मुळात ते रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी व तम्हाणे यांनी मिळून १९१० साली मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यासाठी ‘द सॉल्ट लँड्स ऑफ द नीरा व्हॅली’ ही ३९ क्रमांकाची पुस्तिका प्रसिद्ध केली. आपल्या परिसरातील मातीच्या रसायनाचा आधुनिक अभ्यास येथून सुरू होतो असे म्हणण्यास हरकत नाही. १९१६ साली मुंबई सरकारने विशेष सिंचन विभाग स्थापन केला. क्लॉड इंग्लिस यांच्या नेतृत्वाखाली त्या विभागाने दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळपणाचा व निचऱ्याचा अभ्यास केला. खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आपला उगम याच विभागात मानते. १९३२ साली नीरेकाठी पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र उभे राहिले, आणि १९३८ मध्ये बसू व सिरूर यांनी नीरा उजवा कालवा व प्रवरा कालवा यांच्या क्षेत्रातील मातीचे वर्गीकरण प्रसिद्ध केले.

या साऱ्या प्रयत्नांच्या आरंभी रसायनशास्त्रज्ञाच्या हाती जे साधन होते ते विद्राव्य क्षारांच्या पृथक्करणाचे. माती पाण्यात ढवळायची, गाळायची आणि गाळलेल्या पाण्यात क्लोराइड, सल्फेट, कार्बोनेट किती ते काढायचे. या पद्धतीने पांढऱ्या पडलेल्या जमिनीचा उलगडा झाला. तथापि दुसऱ्या प्रकारच्या जमिनी होत्या. त्यांच्यावर पांढरा थर नव्हता, पाण्यात उतरणारे क्षार फारसे नव्हते, तरीही पाणी दिले की ते वर साचून राही, माती लोण्यासारखी चिकट होई आणि वाळली की दगडासारखी कठीण बने. शेतकऱ्यांच्या बोलीत पहिलीला खारवट आणि दुसरीला चोपण म्हणतात. ही विभागणी शेतकऱ्याने पायाखालच्या स्पर्शावरून केलेली. तिच्यामागील रसायन प्रयोगशाळेला पुष्कळ उशिरा उमगले.

सोडियम कोठे असतो?

चोपण जमिनीतील सोडियम पाण्यात नसतो. तो मातीच्या कणाच्या पृष्ठभागाला धरून असतो. माती एक आयन घेऊन दुसरा सोडते, हे इंग्लंडमध्ये थॉमस वे यांनी १८५० सालीच दाखविले होते. परंतु या विनिमयाचा चोपणपणाशी असलेला संबंध रशियातील गेड्रॉइट्स व हॉलंडमधील हिसिंक यांच्या कामातून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत स्पष्ट झाला. कणाच्या पृष्ठभागावर कॅल्शियम असेल तर कण एकमेकांना धरून राहतात. सोडियमचे प्रमाण वाढले की ते फुगतात, सुटे होतात आणि मातीची छिद्रे बुजतात. १९३० च्या सुमारास हेंड्रिक्स व फ्राय, तसेच केली व त्यांचे सहकारी यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने चिकणमातीचे कण स्फटिकरूप असल्याचे सिद्ध केले. आपल्या काळ्या मातीतील प्रमुख खनिज गट स्मेक्टाइट होय. त्याचा एकेक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा असतो. ‘नॅनो’ हा शब्द प्रकल्पाच्या शीर्षकात येण्याच्या कितीतरी आधी बारामतीचा शेतकरी नॅनोकणांमध्ये नांगर चालवीत होता, एवढेच यातून ध्यानात घ्यावे.

येथे मोजणीची रीत पाहण्यासारखी आहे. मातीवर अमोनियम ॲसिटेटचे द्रावण पुन्हा पुन्हा ओतले जाते. अमोनियम पृष्ठभागावर बसतो आणि तेथील कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम द्रावणात उतरतात. उतरलेला सोडियम मोजला की पृष्ठभागावरील सोडियम कळतो. बसलेला अमोनियम ऊर्ध्वपातनाने काढून मोजला की पृष्ठभागाची एकूण धारणक्षमता कळते. पृष्ठभाग डोळ्यांनी न पाहता केलेली ही शिरगणती होय. प्रारंभी सोडियमची मोजणी फार किचकट असे. झिंक युरॅनिल ॲसिटेटच्या साहाय्याने त्याचा साका पाडून तो तोलावा लागे. ज्योत प्रकाशमापक, म्हणजे आपण ज्याला फ्लेम फोटोमीटर म्हणतो ते उपकरण आल्यावर सोडियमची ५८९ नॅनोमीटरवरील पिवळी रेषा मोजून हे काम काही मिनिटांचे झाले. मातीच्या नेहमीच्या तपासणीत वर्णपटविज्ञानाचा शिरकाव झाला तो असा, मोजणीचा नोकर म्हणून.

१९५४ साली अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने ६० क्रमांकाची हस्तपुस्तिका काढली आणि सीमारेषा आखून दिल्या. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ मिलिम्होपेक्षा अधिक असेल तर जमीन क्षारयुक्त. विनिमयक्षम सोडियम शेकडा १५ हून अधिक असेल तर चोपण. आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीला मात्र १५ ही मर्यादा फार सैल पडते. विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या १९९६ मधील अभ्यासात शेकडा ५ च्या आसपासच निचरा बिघडत असल्याचे दिसून आले. आकडा परदेशातून घेतला तर माती तेथे आणि इथे एकच आहे का, हे आधी तपासावे लागते.

या आकड्याचे मोल किती, हे एका साध्या हिशेबाने कळेल. मातीची धारणक्षमता दर १०० ग्रॅमला ५० मिलिसममूल्य आहे आणि त्यात सोडियम शेकडा १५ आहे असे समजू. तो शेकडा ५ वर आणायचा तर ५ मिलिसममूल्य सोडियम हटवावा लागेल. वरच्या १५ सेंटिमीटर थरातील १ मिलिसममूल्य सोडियम हटविण्यासाठी हेक्टरी जवळजवळ २ टन जिप्सम लागते. म्हणजे एकूण सुमारे १० टन. मोजणीत दोन मिलिसममूल्याची चूक झाली तर ४ टन जिप्समचा खर्च, गाडीभाडे आणि एक हंगाम शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. येथे ‘सोडियम आढळला’ एवढ्या विधानाने कोणाचेही भागत नव्हते.

सिलिकाचा पृष्ठभाग आणि अवरक्त वर्णपट

शुद्ध सिलिकाचा इतिहास उलट दिशेने घडला. येथे चित्र आधी आले, मोजणी मागून. १९४० साली लेनिनग्राडमध्ये अलेक्झांडर तेरेनिन व सहकाऱ्यांनी सच्छिद्र काचेच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या रेणूंचा अवरक्त वर्णपट अभ्यासला. काचेच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांना सिलॅनॉल म्हणतात. सुटा सिलॅनॉल ३७४७ सें.मी.⁻¹ च्या आसपास टोकदार शिखर देतो. शेजारच्या गटांशी किंवा पाण्याशी हायड्रोजन बंधाने बांधला गेला की तेच शिखर ३४०० ते ३५५० च्या दरम्यान पसरट होते. पाण्याचा रेणू स्वतः १६३० जवळ हजेरी लावतो. सिलिकाच्या अंतरंगातील बंध ११००, ८०० व ४६० च्या सुमारास दिसतात. पन्नासच्या दशकात ही उपकरणे उद्योगांच्या प्रयोगशाळांत पोहोचली आणि उत्प्रेरकांच्या पृष्ठभागावर काय बसते ते पाहण्याची पद्धत रूढ झाली. १९६९ नंतर फूरिए रूपांतरावर आधारित उपकरणे बाजारात आली आणि वर्णपट मिनिटाभरात मिळू लागला.

प्रत्यक्ष मोजणीचे काम सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ झुराव्लेव यांनी चिकाटीने केले. पृष्ठभागावरील हायड्रोजनची जड हायड्रोजनशी अदलाबदल करून त्यांनी शंभरच्या आसपास नमुन्यांची गणती केली. पूर्णपणे हायड्रॉक्सिलयुक्त सिलिकावर दर चौरस नॅनोमीटरला सरासरी ४.९ सिलॅनॉल असतात, असे त्यांना आढळले. ही रीतही मुळात विनिमयाचीच, हे लक्षात येईल. स्मेक्टाइटचा पृष्ठभाग ग्रॅमला ७५० चौरस मीटर व धारणक्षमता १०० ग्रॅमला १०० मिलिसममूल्य धरली तर दर चौरस नॅनोमीटरला सुमारे ०.८ भार येतो. चोपण माती आणि प्रयोगशाळेतील सिलिका अशा रीतीने एकाच पट्टीवर मांडता येतात.

१९८० साली अमेरिकेतील मॅसिएल व सिंडॉर्फ यांनी सिलिका जेलच्या पृष्ठभागाचा सिलिकॉन-२९ चा घन अवस्थेतील चुंबकीय अनुस्पंदन वर्णपट प्रसिद्ध केला. चार सिलोक्सेन बंधांचा सिलिकॉन उणे १०९ जवळ, एक हायड्रॉक्सिल असलेला उणे १०० जवळ आणि दोन असलेला उणे ९० जवळ वेगवेगळा दिसू लागला. सेंद्रिय गट खरोखर बंधाने जोडला गेला आहे की नुसताच पृष्ठभागावर पसरला आहे, हे सांगण्याची ताकद या पद्धतीत आहे. मात्र पृष्ठभाग उठून दिसावा म्हणून हायड्रोजनकडून ऊर्जा घेण्याची जी युक्ती त्यात वापरली जाते, तिच्यामुळे शिखरांची उंची संख्येच्या प्रमाणात राहत नाही. चित्र जितके स्पष्ट, तितकी मोजणी बेभरवशाची, हा येथील पेच आहे.

कोल्हापूरची वायुकाच

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातील एअर ग्लास प्रयोगशाळेचे होय. तेथे प्रा. ए. व्यंकटेश्वर राव व त्यांच्या विद्यार्थ्यांनी नव्वदच्या दशकापासून सिलिका एरोजेलवर दीर्घकाळ काम केले. १९३१ साली किस्लर यांनी शोधलेला हा पदार्थ बहुतांशी हवेचाच असतो. सिलिकाचे जाळे काही नॅनोमीटरच्या कणांचे. त्याची मोठी खोड अशी की पृष्ठभागावरील सिलॅनॉल हवेतील ओलावा शोषतात आणि जाळे ढासळते. यावर उपाय म्हणजे सिलॅनॉलच्या जागी मिथाइल गट बसविणे. १९९९ साली राव व हरनाथ यांनी मिथाइल ट्रायमिथॉक्सिसिलेन मिसळून एरोजेल जलविरोधी करण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००३ मध्ये केवळ याच सिलेनपासून केलेले अतिजलविरोधी एरोजेल आले आणि २००६ मध्ये लवचीक एरोजेल. पाण्याचा थेंब त्यावर १५० अंशांहून अधिक स्पर्शकोन करून गोल बसतो. सोडियम सिलिकेटसारख्या स्वस्त द्रव्यापासून, उच्च दाबाच्या उपकरणाशिवाय एरोजेल करण्याचे कामही तेथे झाले. आपल्यासारख्यांना हा भाग विशेष जवळचा वाटावा.

या शोधनिबंधांतून अवरक्त वर्णपटाचा उपयोग कसा झाला ते पाहावे. मिथाइल गटांची शिखरे २९६० व १२७० च्या आसपास वाढतात; हायड्रॉक्सिलचा पसरट पट्टा आणि १६०० च्या पुढचे पाण्याचे शिखर खाली बसते. एरोजेल तापवत नेल्यास सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास मिथाइल गट जळू लागतात, तो पाणी शोषू लागतो आणि वर्णपटात शिखरांची अदलाबदल दिसते. वर्णपट, तापमानानुसार वस्तुमानातील घट आणि थेंबाचा स्पर्शकोन अशा तीन साक्षी एकत्र आणल्याने निष्कर्ष भक्कम होतो. मात्र माझ्या मते येथेही वाचकाने सावध राहावे. सपाट मिथाइल पृष्ठभागावर पाण्याचा कोन ११० अंशांच्या फार पलीकडे जात नाही. उरलेले ४०-५० अंश पृष्ठभागाच्या खडबडीतपणाची देणगी असतात. त्यामुळे १५० अंश हा आकडा मिथाइल गटांची संख्या म्हणून वाचता येत नाही. ट्रायमिथाइलसिलिल गट तर आकाराने एवढा मोठा असतो की तो छत्रीसारखा पसरतो आणि साधारण निम्म्याच सिलॅनॉलना गाठू शकतो. पाणी टिकत नाही याचा अर्थ सिलॅनॉल उरले नाहीत असा होत नाही.

आपल्या प्रयोगशाळांतील व्यवहार

आता पुन्हा बगॅसच्या राखेकडे वळू. ऊस मातीतील विद्राव्य सिलिसिक आम्ल शोषून घेतो व पेशींत सिलिकाच्या रूपाने साठवितो. ज्या काळ्या मातीने सोडियम धरून ठेवला तिचाच अंश चिमणीखालच्या राखेत परत येतो. या राखेत अस्फटिकी सिलिकेबरोबर उसाला चिकटून आलेली शेतातील वाळूही असते. क्ष-किरण आलेखात २२ अंशांजवळचा फुगवटा अस्फटिकी सिलिकेचा आणि २६.६ अंशांवरील टोकदार रेषा क्वार्ट्झची. क्वार्ट्झ सौम्य अल्कलीत फारसा विरघळत नाही. जे थेट राखेवरच सिलेन जोडतात त्यांच्या नमुन्यात वजन क्वार्ट्झचे आणि गट मात्र दुसऱ्याचे, असा घोळ होतो. दर ग्रॅममागे किती गट, हे न मोजल्याने तो कधी उघडकीस येत नाही.

अपेक्षित कमाल संख्या कागदावर आधीच काढता येते. पृष्ठभाग ग्रॅमला २०० चौरस मीटर असेल आणि दर चौरस नॅनोमीटरला ४.९ सिलॅनॉल असतील तर ग्रॅमला सुमारे १.६ मिलिमोल गट होतात. याहून जास्त अमाइन गट जोडल्याचा दावा असेल, तर सिलेनचे रेणू आपापसांत जोडले जाऊन थरावर थर बसले आहेत किंवा धुणे अपुरे झाले आहे, असे समजावे. मोजणीसाठी महागडे यंत्रच हवे असेही नाही. अमाइन गट ठरावीक आम्लात ठेवून उरलेल्या आम्लाचे अनुमापन करता येते. निनहायड्रिनच्या जांभळ्या रंगाची तीव्रता साध्या वर्णमापकावर प्रमाण आलेखाशी ताडता येते. कार्बन व नायट्रोजनचे मूलद्रव्यीय पृथक्करण बाहेरून करून घेता येते. सिलिकाच अल्कलीत विरघळवून सुट्या झालेल्या सेंद्रिय गटांची द्रावणातील अनुस्पंदनाने मोजणी करण्याची पद्धतही गेल्या दशकात पुढे आली आहे. ती मात्र मोठ्या केंद्रांतच शक्य आहे.

एम.फिल.च्या काळात मी अमिनोप्रोपिल ट्रायइथॉक्सिसिलेन जोडलेल्या सिलिकाचा नमुना पोटॅशियम ब्रोमाइडच्या गोळीत दाबून वर्णपटासाठी पाठविला होता. दिवस पावसाळ्याचे होते. ३४०० जवळचा रुंद पट्टा आणि १६३० चे शिखर पाहून मी पहिल्यावर ‘अमाइन व सिलॅनॉल’ आणि दुसऱ्यावर ‘अमाइन’ असे लिहून टाकले. दोन्ही ठिकाणी बहुतांश वाटा ओलावा धरलेल्या पोटॅशियम ब्रोमाइडचा होता. नुसत्या ब्रोमाइडची गोळी सोबत पाठविली असती तर ते त्याच दिवशी कळले असते. प्रबंध मान्य झाला. कोणीही विचारले नाही.

पुढे काही वर्षांनी तोच जपून ठेवलेला नमुना विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा काढला. या वेळी तो इथेनॉलने व नंतर गरम पाण्याने एकामागून एक धुतला आणि दर फेरीनंतर निनहायड्रिनने अमाइन मोजले. पहिल्या तीन फेऱ्यांत आकडा सतत घसरत गेला. चौथ्या फेरीनंतर तो स्थिरावला. प्रत्येक फेरीचा वाळविलेला नमुना आम्ही वर्णपटासाठीही पाठविला होता. चारही आलेख एकमेकांवर ठेवले तेव्हा विद्यार्थ्यांना त्यांतील फरक सांगता आला नाही, आणि मलाही नाही. प्रबंधात छापलेला आलेख पहिल्या फेरीच्याही आधीचा होता.